आधी पाने मोजावीत: ‘ग्लूमहेवन’मध्ये पात्र निवडण्याचा आणि घडवण्याचा मार्ग

१ जून ते ३१ जुलै या काळात आमच्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. होड्या वर ओढून झावळ्यांनी शाकारलेल्या असतात, जाळी माळ्यावर गेलेली असतात, आणि मालवणच्या आसपासच्या घरांतली संध्याकाळ एकदम मोकळी होते. गेली काही वर्षे याच दिवसांत आमच्या पडवीत ‘ग्लूमहेवन’ हा पटावरचा खेळ किंवा त्याचे धाकटे भावंड ‘जॉज ऑफ द लायन’ मांडले जाते. शेजारचे बोटवाले काका, रत्नागिरीला शिकणारा भाचा, मुंबईहून येणारी चुलतबहीण असे कोणी ना कोणी दर वर्षी त्यात नव्याने सामील होते आणि पटाभोवती बसण्यापूर्वीच विचारते की, यातले सर्वांत जोरदार पात्र कोणते. मी त्या माणसाच्या हातात एका पात्राची पाने, म्हणजे पत्ते, देतो आणि ती मोजायला सांगतो. या खेळात पात्राचे बळ त्याच्या शस्त्रापेक्षा त्याच्याकडे किती फेऱ्या आहेत आणि त्या फेऱ्या तो कशा खर्च करतो यावर ठरते, असे माझे अनुभवांती झालेले मत आहे, आणि पुढील सर्व पायऱ्या याच मतावर उभ्या आहेत.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख आवश्यक आहे. आयझॅक चिल्ड्रेस यांनी रचलेला ‘ग्लूमहेवन’ सेफालोफेअर गेम्स या प्रकाशनाने २०१७ साली आणला. एक ते चार जण एका बाजूला आणि खेळाच्या नियमांनी चालणारे शत्रू दुसऱ्या बाजूला, अशी त्याची मांडणी आहे. खेळाडू एकमेकांविरुद्ध लढत नाहीत. मोठ्या पेटीत १७ पात्रवर्ग, म्हणजे खेळणारे ज्यांना क्लास म्हणतात ते, असून त्यांपैकी सहाच सुरुवातीला खुले असतात, आणि मोहिमा ९५ आहेत. २०२० साली आलेल्या ‘जॉज ऑफ द लायन’मध्ये चार पात्रे आणि २५ मोहिमा आहेत, पहिल्या पाच मोहिमा नियम हळूहळू शिकवत नेतात आणि वेगळा पट जोडत बसण्याऐवजी मोहिमांच्या पुस्तकाचे पानच पट म्हणून उघडायचे असते. नवख्याने येथूनच सुरुवात करावी. खाली दिलेले आकडे दोन्ही खेळांच्या पहिल्या आवृत्तीतील आहेत.

पहिली पायरी: फेऱ्यांचा हिशोब

या खेळात फासे नाहीत. प्रत्येक फेरीत खेळाडू हातातील दोन पाने निवडतो, एका पानाचा वरचा भाग वापरतो आणि दुसऱ्याचा खालचा. वापरलेली पाने बाजूच्या गड्डीत जातात. हातातील पाने संपत आली की विश्रांती घ्यावी लागते. विश्रांतीत गड्डीतील पाने हातात परततात, परंतु त्यांपैकी एक पान त्या मोहिमेपुरते कायमचे बाद होते. छोट्या विश्रांतीत कोणते पान बाद होणार हे नशिबावर असते (पसंत न पडल्यास एक हिट पॉइंट, म्हणजे पात्राचा जीव मोजणारा गुण, देऊन एकदा बदलता येते), तर लांब विश्रांतीसाठी पूर्ण फेरी खर्च करावी लागते, मात्र बाद करायचे पान आपण निवडतो, दोन हिट पॉइंट भरून निघतात आणि वापरलेल्या वस्तू पुन्हा तयार होतात. फेरीच्या आरंभी खेळायला दोन पाने नाहीत आणि विश्रांतीही घेता येत नाही, अशी स्थिती आली की पात्र थकून मोहिमेबाहेर जाते, मग त्याचे हिट पॉइंट कितीही शिल्लक असोत.

याचा अर्थ असा की प्रत्येक पात्राला जन्मतःच ठरावीक फेऱ्या मिळालेल्या असतात आणि त्या आधी मोजता येतात. दहा पानांच्या पात्राच्या पहिल्या आवर्तनात, म्हणजे पहिल्या विश्रांतीपर्यंत, पाच फेऱ्या होतात, मग एक पान बाद होऊन नऊ उरतात व त्यांतून चार होतात, आठातून चार, सातातून तीन, असे करत शेवटच्या दोन पानांची एक फेरी होते. बेरीज २५ येते. सोपा ठोकताळा असा की पानांच्या संख्येचा वर्ग करावा, त्याला चाराने भागावे आणि अपूर्णांक सोडून द्यावा. त्यानुसार आठ पानांना १६ फेऱ्या, नऊ पानांना २०, दहांना २५, अकरांना ३० आणि बारांना ३६ मिळतात. लांब विश्रांतीत जाणाऱ्या फेऱ्या यांत धरलेल्या नाहीत.

आता मोठ्या पेटीतील सहा पात्रे या नजरेने पाहावीत. स्पेलवीव्हरकडे आठ पाने, स्काउंड्रेलकडे नऊ, ब्रूट आणि माइंडथीफकडे प्रत्येकी दहा, क्रॅगहार्टकडे अकरा, तर टिंकररकडे बारा पाने आहेत. टिंकरर ३६ फेऱ्या तग धरू शकतो आणि स्पेलवीव्हर १६, म्हणजे निम्म्याहूनही कमी. एका पानाच्या फरकाने चार ते सहा फेऱ्या वाढतात किंवा घटतात, हे नवख्याच्या लक्षात एकदा आले की पात्रांकडे पाहण्याची त्याची दृष्टीच बदलते. मात्र हा आकडा ही वरची मर्यादा आहे, हमी नव्हे. स्पेलवीव्हरकडे ‘रिव्हायविंग इथर’ नावाचे एक पान आहे, जे बाद झालेली सर्व पाने एकदा हातात परत आणते. त्यामुळे ते पात्र पहिल्या आवर्तनात आपली मोठी पाने निःशंकपणे उधळू शकते, आणि म्हणून त्याची आठ पाने दिसतात तितकी थोडी नाहीत. ते पान स्वतःच विश्रांतीत बाद होऊ नये, एवढी मात्र काळजी घ्यावी लागते.

मोठी पाने, म्हणजे ज्यांच्या कोपऱ्यावर बाद होण्याची खूण असते ती, कधी खेळावीत हा यातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि त्याचा धडा मी एका पावसाळी रात्री घेतला. वीज गेलेली होती, बॅटरीचा दिवा पटाच्या मधोमध ठेवला होता, माझ्याकडे ‘जॉज ऑफ द लायन’मधील रेड गार्ड हे पात्र होते आणि भाच्याकडे त्यातलीच व्हॉइडवॉर्डन. पहिल्याच फेरीत तीन शत्रू समोर एकत्र उभे दिसले आणि मी सर्वांत मोठे पान टाकून त्यांना लोळवले. दोघांनाही फार आनंद झाला. शेवटच्या खोलीत एकच शत्रू उरला, त्याचे दोन हिट पॉइंट बाकी होते, तेव्हा भाच्याने विचारले, “मामा, तुज्या हातात किती पानां रवली?” माझ्या हातात एकच पान होते. भाचा आधीच थकून बाहेर बसला होता. मोहीम तेथेच हरली.

दुसऱ्या दिवशी मी हिशोब मांडला. दहा पानांच्या पात्राने पहिल्या फेरीत एक पान बाद केले तर एकूण फेऱ्या २५ वरून २१ वर येतात, म्हणजे त्या एका फटक्याची किंमत चार फेऱ्या होती. तेच पान पाच पाने उरलेली असताना टाकले असते तर उरलेल्या सहा फेऱ्यांच्या चार झाल्या असत्या. किंमत दोन फेऱ्या. यावरून नवख्याने स्वतःसाठी असा दंडक ठेवावा की बाद होणारे पान मोहिमेच्या पूर्वार्धात खेळायचे असेल तर त्याचा परिणाम बाकीच्या संपूर्ण मोहिमेत टिकणारा असावा, आणि एकदाच बसणारा फटका असेल तर तो उत्तरार्धासाठी राखावा.

हिट पॉइंटही याच हिशोबात येतात. मार बसला तर तो हिट पॉइंटमधून सोसता येतो किंवा हातातले एक पान, अथवा गड्डीतील दोन पाने, बाद करून पूर्णपणे टाळता येतो. पहिल्या पातळीवर ब्रूट आणि क्रॅगहार्टचे दहा हिट पॉइंट असतात, टिंकरर आणि स्काउंड्रेलचे आठ, स्पेलवीव्हर आणि माइंडथीफचे सहा. सहा हिट पॉइंटच्या पात्राला एक-दोन वेळा तरी पान देऊन जीव वाचवावा लागतो, असे गृहीत धरूनच त्याच्या फेऱ्या मोजाव्यात.

दुसरी पायरी: पाने दोन रांगांत मांडणे

पात्र निवडताना त्याच्या पेटीवरचे चित्र बाजूला ठेवून सर्व पाने जमिनीवर पसरावीत. जी पाने आपल्याला वरच्या भागासाठी हवीशी वाटतात ती वरच्या रांगेत आणि जी खालच्या भागासाठी हवीत ती खालच्या रांगेत लावावीत. वरच्या भागात बहुधा हल्ला असतो आणि खालच्या भागात चाल, परंतु अपवाद पुष्कळ आहेत आणि पात्राचे वैशिष्ट्य त्या अपवादांतच दडलेले असते.

प्रत्येक फेरीला एक वरचा आणि एक खालचा भाग लागतो, म्हणून दोन्ही रांगा साधारण सारख्या भरल्या पाहिजेत. नवखा माणूस हमखास दहापैकी सात पाने वरच्या रांगेत ठेवतो, कारण हल्ल्याचे आकडे मोठे दिसतात. मग दुसऱ्या आवर्तनात त्याच्याकडे दोन सुंदर हल्ले असतात आणि शत्रूपर्यंत पोहोचवणारी चाल एकही नसते. नियमाप्रमाणे कोणत्याही पानाचा वरचा भाग साधा २ चा हल्ला म्हणून आणि खालचा भाग साधी २ घरांची चाल म्हणून वापरता येतो, ही मोठीच सोय आहे. पण उत्तम पान अशा साध्या कामाला वारंवार लावावे लागत असेल तर आपली निवड चुकली आहे असे समजावे. मोठ्या पेटीत प्रत्येक पात्राला पहिल्या पातळीच्या पानांखेरीज एक्स अशी खूण असलेली तीन पाने मिळतात आणि मोहिमेपूर्वी या सर्वांतून हात निवडायचा असतो. रांगांचा तोल साधण्यासाठी ही तीन पाने फार उपयोगी पडतात, आणि बहुतेक नवखे ती पेटीतच विसरतात.

आमच्या हवेविषयी येथेच एक सूचना करतो. पावसाळ्यात पाने दमट होऊन फुगतात, एकमेकांना चिकटतात आणि कडेला बुरशी धरतात. पारदर्शक पाकिटे घालून, पाने घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावीत, आणि मासळी खाल्लेल्या हातांनी त्यांना स्पर्श करू नये.

तिसरी पायरी: क्रमांक पाहणे

प्रत्येक पानाच्या मध्यभागी एक क्रमांक असतो, ज्याला इनिशिएटिव्ह म्हणतात. फेरीतील दोन पानांपैकी जे पान आपण पुढे ठेवतो त्याचा क्रमांक आपला ठरतो, आणि लहान क्रमांकवाला आधी खेळतो. लांब विश्रांतीचा क्रमांक ९९ धरला जातो. पात्राच्या हातात किमान दोन पाने वीसच्या आसपास किंवा त्याखालची आणि दोन पाने सत्तरच्या वरची असावीत, असे मी सुचवतो. सगळे क्रमांक मधले असतील तर पात्र ना धड आधी पळू शकते, ना शत्रूला पुढे येऊ देऊन मग मारू शकते.

यातून एक जुना डाव साधतो, जो नवख्याने आधी शिकावा. एका फेरीत मोठा क्रमांक घेऊन, शत्रूंची चाल झाल्यावर, शेवटी जवळ जावे व हल्ला करावा; लगेच पुढच्या फेरीत लहान क्रमांक घेऊन शत्रू हलण्यापूर्वीच पुन्हा हल्ला करावा आणि दूर सरकावे. शत्रूला मध्ये एकदाही हात उगारता येत नाही. स्काउंड्रेलसारख्या पात्राचे सारे आयुष्य या एका डावावर चालते.

एकमेकांना अचूक क्रमांक सांगण्यास नियमाने मनाई आहे. “मी लवकर जातो”, “मी मागाहून येते” एवढेच बोलता येते. आमच्याकडे सुरुवातीला हा नियम जाचक वाटला होता, आता मात्र तो पाळल्याशिवाय खेळात रंगत येत नाही असे सर्वांचे मत झाले आहे, कारण अनुभवी माणूस नवख्याची पाने स्वतःच खेळू लागण्याचा धोका या नियमामुळे बराच टळतो.

चौथी पायरी: चार पात्रे शेजारी ठेवून

‘जॉज ऑफ द लायन’मधील चौघांची तुलना नवख्याच्या अधिक कामाची आहे, म्हणून ती सविस्तर करतो.

रेड गार्डकडे दहा पाने व दहा हिट पॉइंट आहेत. साखळीने शत्रूला ओढून आणणे, ढालीने मार कमी करणे आणि मारणाऱ्याला उलट मार देणे, ही त्याची कामे. चुका पोटात घालणारे पात्र म्हणून पहिल्यांदा खेळणाऱ्याला मी हेच देतो. ढाल प्रत्येक हल्ल्यातून ठरावीक मार वजा करते, त्यामुळे तीन दुबळे शत्रू एकदम अंगावर आले तर ती तिप्पट कामी येते, आणि एकच बलवान शत्रू असेल तर तिचा प्रभाव थोडाच जाणवतो. म्हणून गर्दीच्या मोहिमांत त्याचे मोल वाढते.

हॅचेटकडे दहा पाने आणि आठ हिट पॉइंट आहेत. तो दुरून कुऱ्हाडी फेकतो. त्याची एक लाडकी कुऱ्हाड आहे, जी फेकली की हल्ल्यात मोठी भर पडते, परंतु पुन्हा वापरायची तर ती जाऊन परत मिळवावी लागते. बाहेरून पाहता हे दूर उभे राहून मारण्याचे सोपे पात्र वाटते; प्रत्यक्षात कुऱ्हाड कोठे पडेल आणि ती आणायला आपण कोणत्या वाटेने जाऊ, याचा विचार फेकण्यापूर्वीच करावा लागतो. शेजारच्या घरातील शत्रूवर दुरून मारायचा हल्ला केला तर दोन मॉडिफायर पाने, म्हणजे हल्ल्याचा आकडा कमी-जास्त करणारी पाने, ओढून वाईट ते धरावे लागते, हेही ध्यानात ठेवावे. बोटवाल्या काकांनी हे पात्र पहिल्याच संध्याकाळी आत्मसात केले, आणि त्याचे कारण विचारल्यावर म्हणाले की, पाग, म्हणजे हाताने फेकायचे जाळे, फेकताना दोरी मनगटाला बांधलेली असते, तसे याचे आहे. टाकण्याआधी ओढण्याचा विचार. याहून चांगले स्पष्टीकरण मला देता आलेले नाही.

डेमोलिशनिस्टकडे नऊ पाने आणि आठ हिट पॉइंट आहेत. जवळ जाऊन जबर मारणे आणि पटावरील अडथळे फोडणे, हे त्याचे काम. पटावर अडथळे भरपूर असतील तर त्याच्यासारखे पात्र नाही, आणि मोकळ्या खोलीत त्याची काही पाने निष्प्रभ ठरतात. वीस फेऱ्यांच्या मर्यादेमुळे त्याने रेंगाळून चालत नाही. ज्याला मोहीम धडाक्यात उरकायला आवडते त्याने हे घ्यावे. मोहिमेचे पान उघडल्यावर आधी अडथळे मोजावेत आणि मगच हात निवडावा.

व्हॉइडवॉर्डनकडे अकरा पाने, म्हणजे तीस फेऱ्या, पण हिट पॉइंट सहाच. तिचा स्वतःचा हल्ला साधा असतो. ती सोबत्यांना हल्ला करायला लावते, त्यांच्या जखमा भरते, शत्रूला शत्रूवर सोडते, शत्रूंच्या मॉडिफायर गड्डीत शापाची पाने मिसळते आणि सोबत्यांच्या गड्डीत आशीर्वादाची. शापाचे पान निघाले की तो हल्ला शून्य होतो, आशीर्वादाचे निघाले की दुप्पट. तिने दिवसभरात किती शत्रू मारले असे मोजले तर ती शेवटची येते, आणि म्हणूनच नवखे तिला कमी लेखतात. दोघांच्या खेळात ती जड जाते, कारण आज्ञा द्यायला एकच सोबती असतो. तिघे-चौघे असतील तर माझी पहिली पसंती तीच आहे. चुलतबहिणीने एकदा सलग दोन फेऱ्यांत दोन शत्रूंना एकमेकांवर सोडून दाराची वाट मोकळी केली, आणि आम्हा तिघांचे एकही पान त्यात खर्च झाले नाही.

पाचवी पायरी: शेजारी कोण बसले आहे ते पाहणे

रापण ओढताना काही जण होडीतून जाळे सोडत जातात, काही जण किनाऱ्यावर दोरीची दोन टोके धरतात, आणि मासळीचा वाटा सर्वांना मिळतो. सगळेच होडीत चढले तर दोरी ओढणार कोण? पात्रे निवडताना हा प्रश्न एकदा मोठ्याने विचारावा. दोघांच्या गटात एकाने मार अडवणारे आणि दुसऱ्याने मार देणारे पात्र घेतले की निभावते. तिघांत तिसरी जागा शत्रूला बांधून ठेवणाऱ्याला द्यावी. चौघांत पुढच्या घरांत गर्दी होते, म्हणून दोन तरी पात्रे दुरून काम करणारी असावीत, नाहीतर अरुंद दारात दोघे अडकतात आणि मागचे दोघे पाने जाळत उभे राहतात.

फेऱ्यांचा हिशोब येथेही लागू होतो. वीस फेऱ्यांचा डेमोलिशनिस्ट आणि तीस फेऱ्यांची व्हॉइडवॉर्डन एका गटात असतील तर गटाची खरी मुदत वीसच्या जवळपासचीच असते, कारण मारणारा थकल्यावर आज्ञा देणारीच्या उरलेल्या फेऱ्यांचा उपयोग मर्यादित राहतो. अशा वेळी तिने आपली जादा पाने सोबत्याचा भार हलका करण्यासाठी मोकळ्या हाताने बाद करावीत.

मूलतत्त्वांचाही विचार थोडक्यात करावा. अग्नी, हिम, वायू, पृथ्वी, प्रकाश आणि अंधार अशी सहा तत्त्वे आहेत. कोणी एक तत्त्व निर्माण केले की त्याची पाळी संपताच ते इतरांना वापरता येते, आणि न वापरल्यास फेरीगणिक क्षीण होत दोन फेऱ्यांत विझते. रेड गार्डला अग्नी आणि प्रकाश लागतात, व्हॉइडवॉर्डनला हिम आणि अंधार, त्यामुळे या दोघांत भांडणही नाही आणि मदतही नाही. एकच तत्त्व वापरणारी दोन पात्रे एकत्र आली तर निर्माण करणाऱ्याने लहान क्रमांक घ्यावा आणि वापरणाऱ्याने मोठा, असे आधीच ठरवून ठेवावे.

सहावी पायरी: घडण ठरवणे

एकाच पात्राची पाने दोन वेगळ्या हेतूंनी निवडली की दोन वेगळी पात्रे तयार होतात. यालाच बिल्ड म्हणतात. पहिल्या पातळीवर घडणीला फारसा वाव नसतो. अनुभवाचे ४५ गुण झाले की दुसरी पातळी येते, नंतर ९५, १५०, २१० असे टप्पे चढत नवव्या पातळीला ५०० लागतात. दर वेळी त्या पातळीच्या दोन पानांतून एक घ्यायचे असते, किंवा पूर्वी सोडलेले एखादे पान उचलायचे असते. हातातील पानांची संख्या मात्र वाढत नाही. नवे पान आत आले की जुने एक बाहेर जाते, म्हणून नव्या पानाची तुलना त्याच्या जोडीच्या पानाशी करून थांबू नये. ज्या पानाला ते हटवणार आहे त्याच्याशीही करावी.

रेड गार्डच्या दोन घडणी सहज दिसतात. एका घडणीत ढाल, उलट मार आणि ओढण्याची पाने ठेवून त्याला तटबंदी केले जाते. दुसरीत अग्नी व प्रकाशावर जोर धरणारे हल्ले ठेवून त्याला मारेकरी केले जाते. गटात डेमोलिशनिस्ट किंवा हॅचेट असेल तर पहिली घडण योग्य. दोघांच्याच खेळात, सोबतीला व्हॉइडवॉर्डन असताना, दुसरी घ्यावी, कारण तिची आज्ञा ज्याच्या हाती सोपवायची त्याचा हल्ला बळकट असला पाहिजे. ज्या रात्री आम्ही हरलो त्या रात्री माझा रेड गार्ड अर्धा तटबंदीचा आणि अर्धा मारेकरी होता, आणि माझ्या मते एक पान लवकर टाकण्याइतकीच ही अर्धवट घडणही त्या पराभवाला कारण होती. ढालीची पाने हातात असूनही मी शत्रूच्या गर्दीत उभा राहत नव्हतो, आणि हल्ल्याची पाने असूनही तत्त्वे तयार करणारी पाने मी बाहेर ठेवली होती.

मोठ्या पेटीतील क्रॅगहार्ट अशा अर्धवट घडणीलाही तग धरू देतो. मार सोसणे, दुरून मारणे, अडथळे उभारणे असे सर्व थोडेथोडे त्याला जमते आणि त्याच्याकडे अकरा पाने असतात. फक्त त्याचे काही हल्ले शेजारच्या मित्रांनाही लागतात, हे त्याच्या सोबत्यांना आधी सांगून ठेवावे.

सातवी पायरी: मॉडिफायर गड्डी सुधारणे

प्रत्येक हल्ल्याला स्वतःच्या गड्डीतून एक पान ओढले जाते. आरंभी त्या गड्डीत २० पाने असतात: शून्याची सहा, अधिक एकची पाच, उणे एकची पाच, अधिक दोन आणि उणे दोनचे एकेक, हल्ला पूर्ण फुकट घालवणारे एक आणि दुप्पट करणारे एक. पातळी वाढली की, तसेच वैयक्तिक उद्दिष्टांच्या तीन खुणा जमल्या की, एक पर्क मिळतो आणि त्यातून ही गड्डी बदलता येते. सुरुवातीला उणे एकची पाने काढणारे पर्क घ्यावेत, हा सर्वमान्य सल्ला योग्यच आहे.

पण पुढचा विचार पात्रागणिक बदलतो. एका हल्ल्यात तीन शत्रूंना मारले तर प्रत्येकासाठी वेगळे पान ओढले जाते. म्हणून अनेकांना एकदम मारणाऱ्या पात्राची गड्डी लवकर फिरते, आणि अधिक एकचे प्रत्येक पान त्याला जास्त वेळा भेटते. तसेच ज्याचा हल्ला मुळात २ चा आहे त्याला अधिक एक म्हणजे निम्मी वाढ, आणि ज्याचा ६ चा आहे त्याला ती किरकोळ. एकच जबर घाव घालणाऱ्या पात्राला मात्र फुकट जाणाऱ्या त्या एका पानाची खरी भीती असते, आणि गड्डी लहान होत गेली की तेही पान अधिक वेळा वर येते: वीसमध्ये एक असलेले पान, दोन पाने काढल्यावर अठरांमध्ये एक होते. अशा पात्राने दोन पाने ओढून चांगले ते ठेवण्याची संधी, म्हणजे ॲडव्हान्टेज, मिळवून देणाऱ्या पानांना व वस्तूंना घडणीत जागा द्यावी.

वस्तूंविषयी थोडेच सांगतो. मोठ्या पेटीत नव्या पात्राला ३० सोन्याची नाणी मिळतात आणि पहिल्या पातळीवर एकच लहान वस्तू बाळगता येते. दहा नाण्यांत जखम भरणारे औषधही मिळते आणि वापरलेली दोन पाने हातात परत आणणारे औषधही. बहुतेक नवखे पहिले घेतात. मी दुसरे घ्यायला सांगतो, कारण दोन पाने म्हणजे आणखी एक फेरी, आणि तीही आपल्या आवडत्या दोन पानांची. सहा हिट पॉइंटच्या माइंडथीफलाही मी हाच सल्ला देतो. उरलेल्या वीस नाण्यांत चाल दोन घरांनी वाढवणारे बूट येतात, आणि ज्याच्या खालच्या रांगेत चाली कमी पडतात त्याने ते अवश्य घ्यावेत.

आठवी पायरी: वही

आमच्या खेळाच्या डब्यात एक शंभरपानी वही असते. प्रत्येक मोहिमेनंतर प्रत्येक खेळाडू त्यात चारच गोष्टी लिहितो: कितव्या फेरीला मोहीम संपली, त्या वेळी आपल्याकडे किती पाने उरली होती, कोणते पान एकदाही खेळले गेले नाही, आणि कोणते पान साध्या २ च्या चालीसाठी किंवा हल्ल्यासाठी वाया गेले. सलग दोन मोहिमांत जे पान शेवटच्या दोन नोंदींत सापडते ते बदलावे. एका वेळी एकच पान बदलावे, दोन बदलल्यास फरक कोणामुळे पडला ते कळत नाही. पाच-सहा पाने शिल्लक ठेवून मोहीम जिंकली असेल तर आपण बाद होणारी पाने फार जपून खेळतो आहोत, असे समजावे आणि पुढच्या वेळी एक पान एका आवर्तनाने आधी टाकावे. भाच्याच्या व्हॉइडवॉर्डनच्या पानावर सलग तीन मोहिमांत “सात उरली” अशी नोंद होती. चौथ्या मोहिमेत त्याने दोन मोठी पाने मधल्या खोलीतच खेळली, आणि माझ्या रेड गार्डच्या हातात शेवटी तीन पाने राहिली.